रॅम गेली म्हणण्याआधी: खाऱ्या हवेतल्या कॉम्प्युटरची तपासणी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात देवगडात कोणाला बोलायलाही सवड नसते. अशात भर दुपारी वाडीतल्या वयनींचा फोन आला. "रे, परत निळां झालां. पेट्यांचो हिशोब गेलो बघ."

वयनींकडे हापूसच्या पेट्यांची सगळी नोंद एक्सेलमध्ये असते. कोणाला किती डझन, कोणाचे पैसे आले, कोणाची पेटी मुंबईच्या गाडीत चढली. कॉम्प्युटर सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप. फेब्रुवारीत एकाने विंडोज नव्याने टाकून दिलं होतं, मार्चमध्ये दुसऱ्याने हार्डडिस्क बदलली होती. दोन्ही वेळा पैसे गेले, विंडोज कोलमडल्यावर येणारा निळा पडदा मात्र जागचा हलला नाही. मी पोचलो तेव्हा वयनी वैतागून म्हणाल्या, "ज्या दिवशी बरो चलता, त्याच दिवशी मरता. रखडत चलता तेव्हा कायएक होणा नाय."

निम्मं निदान या एका वाक्यात होतं. आधीच्या दोघांनी ते ऐकून घेतलं नव्हतं, एवढंच.

हळू चालणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं

रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं लक्षात ठेवणारी चिपांची पट्टी. ती खराब झाली म्हणून कॉम्प्युटर सहसा हळू होत नाही. चिपमधला एखादा कप्पा शून्याच्या जागी एक वाचून दाखवतो. वेग तोच, उत्तर तेवढं चुकीचं. त्या चुकीच्या जागी तुमच्या फोटोचा एक ठिपका असेल तर कोणाला कळतही नाही. तिथे विंडोजचा स्वतःचा हिशोब असेल तर निळा पडदा येतो.

त्यामुळे खराब रॅमची खूण म्हणजे दर वेळी नवी तक्रार. आज निळ्या पडद्यावर मेमरी मॅनेजमेंट, परवा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, पुढच्या आठवड्यात आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. ब्राउझरचे टॅब आपोआप मरतात. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येते, आणि तीच फाइल पुन्हा उतरवली की मुकाट उघडते. विंडोज नव्याने टाकायला घेतलं तर एकदा तीस टक्क्यांवर अडकतं, एकदा सत्तरवर. पडद्यावर दर वेळी एकच संदेश आणि खाली एकाच ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) फाइलचं नाव येत असेल, तर आधी तो ड्रायव्हर बघा.

नुसताच हळू चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये डिस्क सतत शंभर टक्क्यांना टेकलेली दिसली तर संशय हार्डडिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. तिथे 'कॉशन' लिहून आलं की बाकी सगळं सोडून फाइली दुसरीकडे हलवा.

यात एक अपवाद आहे आणि आमच्या किनाऱ्यावर तो बराच भेटतो. दोन रॅमपैकी एकीचा संपर्क सुटला की आठ जीबीचे चारच उरतात. मग न मावणारं सामान विंडोज डिस्कवर ठेवतं, आणि डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर माउस हलवला तरी घड्याळ बघावं लागतं. वयनींकडे हेच चाललं होतं. ज्या दिवशी दुसरी रॅम सापडायची नाही त्या दिवशी यंत्र रखडायचं, पण मरायचं नाही. ज्या दिवशी सापडायची त्या दिवशी पळायचं आणि मरायचं. म्हणजे संशयित कोण, ते जवळजवळ ठरलंच.

तुमच्याकडे किती रॅम सापडते ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये, मेमरीवर टिचकी मारून बघा. एकूण आकडा वर उजवीकडे, किती स्लॉट, म्हणजे रॅम बसवायच्या जागा, भरलेत ते खाली. दोन-तीन दिवस कॉम्प्युटर चालू करताना हा आकडा कागदावर लिहा. बदलत असेल तर संपर्काचा घोळ आहे. आठाऐवजी ७.८ दिसले तर घाबरू नका, आतल्या ग्राफिक्ससाठी थोडा वाटा कायम बाजूला जातो. आणि आठाऐवजी कायम तीन-सव्वातीनच वापरात येत असतील, तर कोणीतरी ३२ बिटचं विंडोज टाकून ठेवलंय का ते आधी बघा. ते साधारण चार जीबीच्या पलीकडे पोचतच नाही. अशा ठिकाणी चांगली रॅम फेकून नवी घेतलेली मी पाहिली आहे.

फाइली आधी

इथे घाई करणारे फसतात. कॉम्प्युटर बिघडला की लोक पहिल्यांदा डिस्क दुरुस्ती, डिफ्रॅग, विंडोज रिपेअर असलं काहीतरी चालवतात. रॅम खोटं बोलत असेल तर हे दुरुस्तीचं काम त्या खोट्या माहितीवरच चालतं आणि धडधाकट फाइलींवरही चुकीचं लिहिलं जातं. रॅमचा निकाल लागेपर्यंत असं काही चालवू नका. विंडोजचे अपडेटही थांबवून ठेवा.

एक बिट, म्हणजे शून्य किंवा एकचा एक कप्पा, उलटला तर काय होतं याचा गाजलेला किस्सा बेल्जियमचा. २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक इथे एका उमेदवाराला मतदान यंत्रावर बरोबर ४०९६ मतं जास्त मिळालेली आढळली. शक्य होती त्याहूनही जास्त, म्हणून पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट. तपासात दुसरं काही सापडलं नाही, तेव्हा मेमरीतला बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. आता पेट्यांच्या हिशोबात कोणाच्या नावावर काय चढेल, विचार करा.

बॅकअपसुद्धा रॅममधूनच जातो, तेव्हा त्याच आजारी यंत्रावर केलेल्या कॉपीवर पूर्ण भरवसा नको. सगळ्यात बरं म्हणजे डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची आणि तिथे कॉपी करायची. ते जमणारं नसेल तर संशयित रॅम काढून, एकाच चांगल्या रॅमवर चालवून कॉपी करा. हळू होईल, होऊ दे. झाल्यावर पाच-दहा फाइली उघडून बघा.

पहिली चाचणी, झाकण न उघडता

स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा आणि रीस्टार्टला होकार द्या. निळ्या रंगाचा चाचणीचा पडदा येईल. तिथे एफ १ दाबून स्टँडर्डच्या जागी एक्स्टेंडेड निवडलं तर तपासणी कडक होते, पण वेळ भरपूर खाते. पहिल्या फेरीला स्टँडर्ड पुरे.

निकाल विंडोज पुन्हा चालू झाल्यावर कोपऱ्यात येतो आणि बघेपर्यंत निघून जातो. चुकला तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम निवडा आणि मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्सची नोंद शोधा. दोष दाखवला तर तो खराच धरा. काही सापडलं नाही असं म्हटलं, तर मात्र तेवढ्यावर विसंबू नका. ही चाचणी सौम्य आहे.

झाकण उघडल्यावर

वीज बंद करून वायर काढा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात टेकवा, अंगातली स्थिर वीज उतरते. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिचा धोका कमीच, पण सवय असू द्या.

आता नुसतं बघा. आमच्याकडे कॅबिनेटमध्ये धूळच असते असं नाही. पालीची अंडी असतात, मुंग्यांची वसाहत असते, आणि मागच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं असतं, ज्याने हवेची वाट बुजून सगळं तापत राहतं. वयनींच्या कॅबिनेटमध्ये तिन्ही मिळाली. ब्लोअरने साफ करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भिंगरीसारखं फिरतं आणि पंखा खराब होतो. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

मग रॅम. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या: कोणती कोणत्या स्लॉटमध्ये, खाच कुठल्या बाजूला. प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलने लिहा, एक आणि दोन. ही चिठ्ठी नंतर फार उपयोगी पडते, कारण तिसऱ्या अदलाबदलीनंतर कुठली कोणती हे देवालाही आठवत नाही. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की रॅम वर उचलली जाते. काही बोर्डांवर (म्हणजे मदरबोर्डांवर) एकाच टोकाला खिट्टी असते.

रॅम उजेडात तिरकी धरून खालच्या पट्ट्या बघा. त्या सोन्याच्या दिसतात, पण सोन्याचा थर अगदी पातळ, त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. थराला बारीक छिद्रं असतात. समुद्रावरची खारी, ओली हवा त्यातून आत शिरते आणि खालचा धातू कुरतडते. वयनींच्या दोन नंबरच्या रॅमवर खाचेजवळच्या सात-आठ पट्ट्या काळपट पडल्या होत्या, एकीच्या कडेला हिरवट ठिपका होता. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसला. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि कॉम्प्युटर खिडकीखाली, वारा खायला ठेवल्यासारखा.

साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारा कपडा हवा. दवाखान्यातलं ७० टक्क्यांचं पाणीदार असतं, ते वापरलंच तर पूर्ण सुकू द्या. दुकानांत सर्रास कंपास पेटीतला खोडरबर वापरतात. मीही वापरतो, पण पांढरा मऊ, हलक्या हाताने, दोन-तीन वेळा, आणि नंतर अल्कोहोलने पुसून. शाईचा खरखरीत रबर सोनंच खरवडून काढतो, मग ती रॅम पुढच्या पावसाळ्यात नक्की जाते. स्लॉटच्या आत काहीही खुपसू नका, ब्लोअर मारला की झालं. पुसलेल्या पट्ट्यांना पुन्हा बोट लावू नका.

बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. 'कट्' असा आवाज येऊन खिट्टी आपोआप वर यायला हवी. अर्धवट बसलेली रॅम हा या उद्योगातला सगळ्यात मोठा विनोद आहे. कॉम्प्युटर चालू होत नाही, लांब लांब बीप वाजतात आणि माणसाला वाटतं आपण बोर्डच जाळला.

रात्रभराची परीक्षा

साफसफाईनंतर आठ जीबी दिसू लागले की बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. संपर्क सुधारला, पण ती रॅम खरं बोलते का हे अजून कळलेलं नाही.

मेमटेस्ट८६ प्लस हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते नव्या यूईएफआय बोर्डांवरही चालतं. मिळतंजुळतं नाव असलेलं मेमटेस्ट८६ वेगळं आहे. त्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्यांपुरती असते, घरगुती कामाला तेवढ्या पुरतात. यातलं कुठलंही, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर, पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहा. बोर्डाप्रमाणे एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप. सिक्युअर बूटने अडवलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ते तात्पुरतं बंद करावं लागेल. त्याआधी तुमच्या विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा आणि ते उघडायची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर रॅमच्या भानगडीत डिस्कच कुलूपबंद होऊन बसते. बायोसमध्ये गेलाच आहात तर एक्सएमपी चालू असल्यास बंद करा. तो रॅमला तिच्या प्रमाणित वेगाच्या पुढे पळवतो, आणि कधीकधी तेवढ्यानेच दुखणं थांबतं.

निदान चार फेऱ्या होऊ द्या. आठ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपावं. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या. छोटा यूपीएस पहाटेपर्यंत पुरत नाही.

माझी चूक सांगतो. वयनींचं यंत्र मी पहिल्या रात्री झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून तपासलं. सकाळी एकही दोष नाही. मी खुशीत घरी आलो, आणि दुपारी दोन वाजता परत फोन. मग दुसऱ्या दिवशी झाकण लावून, नेहमीच्या कोपऱ्यात, भर दुपारच्या उकाड्यात लावलं. तिसऱ्या फेरीत लाल ओळी सुरू झाल्या. काही चिपा तापल्यावरच चुकतात. रोज जशा परिस्थितीत यंत्र चालतं, तशातच तपासायला हवं होतं.

लाल ओळ एक असो वा हजार, अर्थ एकच. "एकच तर आहे" म्हणून सोडून देण्यासारखा दोष यात नसतो. अपवाद मेमटेस्ट८६ मधल्या हॅमर टेस्टचा. ती रॅमला मुद्दाम छळते. फक्त तिथेच दोष आला आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर रोजच्या वापरात त्रास होईलच असं नाही.

अदलाबदल

आता खरा गुन्हेगार. एकच रॅम ठेवा, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये, आणि चाचणी चालवा. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी रॅम, त्याच क्रमाने. कंटाळवाणं आहे, दोन-तीन दिवस जातात, पण यातून सुटका नाही. प्रत्येक निकाल कागदावर लिहा.

दोष रॅमबरोबर फिरला, म्हणजे दोन नंबरची रॅम कुठल्याही स्लॉटमध्ये चुकते आणि एक नंबरची कुठेच चुकत नाही, तर रॅम गेली. दोष जागेवर राहिला, म्हणजे कुठलीही रॅम एका विशिष्ट स्लॉटमध्येच चुकते, तर स्लॉट. तो पुन्हा ब्लोअरने साफ करून बघा, नाही जमलं तर तो रिकामा ठेवून दुसऱ्यात एकच मोठी रॅम लावा. बोर्ड बदलायची घाई नको. एकेकटी दोन्ही चांगल्या आणि एकत्र आल्या की भांडण, असं असेल तर वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा वेगाच्या जोडीचा प्रश्न असतो. बायोसमध्ये वेग एक पायरी उतरवून बघा.

आणि सगळ्या रॅम सगळ्या स्लॉटमध्ये चुकत असतील, तर रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. दोन रॅम सहसा एकाच आठवड्यात मरत नाहीत. आधी एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, दुसरा लावून बघा. किनाऱ्यावर व्होल्टेज खालीवर होतं, लाईट जाते-येते, आणि बिचारा एसएमपीएस आधी थकतो. तोही चांगला निघाला तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि तिथे मात्र दुकानात जा.

लॅपटॉपवाल्यांना एवढी मोकळीक नसते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, अदलाबदल होत नाही. सुटी असेल तर आधी आतली बॅटरी सोडवा, मग हात घाला.

वयनींच्या दोन नंबरने दोन्ही स्लॉटमध्ये माती खाल्ली, तीही जवळजवळ त्याच पत्त्यावर. एक नंबर दोन्हीकडे निर्दोष.

नवी घेताना

जुनी रॅम खिशात घालूनच दुकानात जा. डीडीआर ३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर ४ आणि ५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी त्यांचं जमत नाही. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात, ५ ला १.१. जोर लावून बसवायचा प्रयत्न केलात तर स्लॉट जाईल. जुन्या रॅमवरचं स्टिकर सोलू नका, बऱ्याच कंपन्या रॅमला लांब मुदतीची वॉरंटी देतात आणि ती त्या स्टिकरवर चालते. बिल नसलं तरी विचारून बघायला काय जातं? जुनी, वापरलेली रॅम स्वस्तात मिळाली तर जरूर घ्या, मात्र "चालली नाही तर आठ दिवसांत परत" असं ठरवून, आणि त्याच रात्री मेमटेस्टला लावा. नवीलाही लावा. नवी म्हणजे निर्दोष असं नसतं.

रॅम बदलल्यावर, आणि आता बदलल्यावरच, विंडोजची डागडुजी करा. इतके महिने खोट्या रॅमवर चालल्यामुळे त्याच्या स्वतःच्या फाइलीही खराब झालेल्या असू शकतात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टिम फाइल चेकर चालवा. त्याच्याने निभावलं नाही तर विंडोज नव्याने टाका. फेब्रुवारीत वयनींच्या यंत्रावर नवं विंडोज टाकलं गेलं होतं ते आजारी रॅमवरच, म्हणून ते पहिल्या दिवसापासून लंगडत होतं.

पावसाळ्याची एक सवय लावून घ्या: कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालू करा. आतल्या उबेने दमटपणा टिकत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर बऱ्याच ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. नंतर माझ्याकडे आलेल्या कॉम्प्युटरपैकी बरेच नुसते बंद राहून आजारी पडले होते, पट्ट्या पुसल्यावर उठून बसले. प्लॅस्टिकचं कव्हर यंत्र पूर्ण गार झाल्यावरच घाला, नाहीतर आतली वाफ आतच राहते. आणि जागा बदला. वयनींनी आता तो खिडकीखालून उचलून माजघराच्या भिंतीला लावला आहे, जमिनीपासून हातभर वर, मागे वीतभर मोकळी जागा सोडून. मागच्या जाळीला मच्छरदाणीचं कापड लावायचं म्हणत होत्या. नको म्हटलं, हवा अडेल. महिन्यातून एकदा काडीने कुंभारणीची माती पाडली तरी पुरे.